एक आवळा आणि वीस संत्री

कार्तिक महिना लागला की बाजारात आवळ्याचे ढीग दिसू लागतात. त्याच सुमारास शाळांच्या भित्तिपत्रकांवर, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आणि आरोग्यविषयक पुस्तिकांत आवळ्यावरचे लेखही दिसू लागतात. आम्ही हे लेख अनेक वर्षे वाचत आलो आहोत. बहुतेकांचा साचा एकच असतो. आरंभी आवळीभोजन, मग च्यवन ऋषींची गोष्ट, मग क जीवनसत्त्व, मग केस, डोळे, पचन, हृदय, मधुमेह अशी लांबत जाणारी यादी, आणि शेवटी 'रोज एक आवळा खा' हा उपदेश. लेख लिहिणारे बहुधा शिक्षकच असतात, वाचणारे विद्यार्थी असतात, आणि तेच विद्यार्थी पुढच्या वर्षी निबंधात तीच वाक्ये लिहितात.

या लेखांत चार विधाने हमखास सापडतात. एका आवळ्यात वीस संत्र्यांइतके क जीवनसत्त्व असते. आवळा उकळला, वाळवला तरी त्यातले क जीवनसत्त्व नष्ट होत नाही. म्हणूनच आपल्या पूर्वजांनी आवळ्याला रसायन म्हटले. आणि आवळा खाल्ल्याने प्रतिकारशक्ती वाढून सर्दी-खोकला दूर राहतो. पहिल्या विधानात गणिताची चूक आहे, दुसऱ्यात अर्धे सत्य आहे, चौथ्यात पुराव्यापेक्षा उत्साह अधिक आहे. तिसऱ्या विधानातली चूक मात्र आम्हाला सर्वांत गंभीर वाटते. ती आयुर्वेदावरही अन्याय करते आणि विज्ञानावरही.

आवळ्याशी आमचे वैर नाही, हे आधीच सांगतो. खाऊन वर पाणी प्यावे आणि ते गोड लागावे, असे फळ दुसरे कोणते आहे? तक्रार आहे ती आवळ्याविषयीच्या लिखाणाबद्दल.

वीस संत्री आली कोठून?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांच्या जुन्या कोष्टकात १०० ग्रॅम आवळ्यात ६०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व दिले होते आणि १०० ग्रॅम संत्र्यात ३०. सहाशेला तिसांनी भागले की वीस येतात. इथवर ठीक आहे. पण हा भागाकार १०० ग्रॅमचा १०० ग्रॅमशी आहे, फळाचा फळाशी नव्हे. चांगल्या आवळ्याचे वजन बी काढल्यावर ३५ ग्रॅम धरू. नागपुरी संत्र्याची साल आणि बिया काढल्यावर खाण्याजोगा भाग १०० ग्रॅम धरू. जुन्या कोष्टकाप्रमाणे एका आवळ्यात २१० मिलिग्रॅम आणि एका संत्र्यात ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व येते. म्हणजे एक आवळा बरोबर सात संत्री. वीस नव्हेत. हा हिशेब पाचवीचा विद्यार्थी करू शकतो. तरी इतकी वर्षे तो कोणी केला नाही, कारण विधान छापील होते आणि ऐकायला बरे वाटत होते.

गोष्ट इथेच संपत नाही. २०१७ साली याच संस्थेने अन्नघटकांची नवी कोष्टके प्रसिद्ध केली. त्यासाठी देशाच्या सहा विभागांतून नमुने गोळा केले होते आणि क जीवनसत्त्व नव्या पद्धतीने मोजले होते. या कोष्टकांत १०० ग्रॅम आवळ्यामागे क जीवनसत्त्व सुमारे २५० मिलिग्रॅम आहे. संत्र्याचा आकडा मात्र थोडा वाढून चाळिशीच्या वर गेला आहे. पुन्हा हिशेब केला, तर एका आवळ्यात सुमारे ८७ आणि एका संत्र्यात सुमारे ४५ मिलिग्रॅम येतात. वीसवरून सात, सातवरून दोन! पेरूचा आकडा दोन्ही कोष्टकांत दोनशेच्या थोडा वर, जवळजवळ तिथल्या तिथे आहे. म्हणजे आज १०० ग्रॅमच्या हिशेबात पेरू आवळ्याच्या बराच जवळ आला आहे, आणि पेरू आपण एका बैठकीत पाव किलो खाऊ शकतो. तरी पेरूमाहात्म्य कोणी लिहीत नाही.

आवळ्याचाच आकडा एवढा का घसरला? फळाची जात, पिकण्याची अवस्था, तोडणीपासून गेलेले दिवस यांमुळे फरक पडतोच. कांचन, कृष्णा, चकैया या जातींत आणि रानातल्या बारीक आवळ्यात क जीवनसत्त्व सारखे नसते. पण मोजण्याच्या पद्धतीचाही विचार करायला हवा. जुनी नेहमीची पद्धत अनुमापनाची होती. एक रंगीत द्रव्य घ्यायचे आणि त्याचा रंग घालवायला फळाचा किती रस लागतो ते पाहायचे. क जीवनसत्त्व उत्तम क्षपणक आहे, म्हणून ते रंग घालवते. पण रंग घालवणारा प्रत्येक पदार्थ क जीवनसत्त्व नसतो. आवळ्यात टॅनिने आणि गॅलिक आम्ल भरपूर असतात. आवळ्याचा तुरटपणा त्यांचाच. तीही क्षपणकेच आहेत. त्यांनी घालवलेल्या रंगाचे श्रेय अनुमापनात क जीवनसत्त्वाच्या खात्यावर जमा होऊ शकते. नव्या पद्धतीत रसातले घटक आधी एकमेकांपासून वेगळे करतात आणि मग एकेक मोजतात. पेरूत आवळ्याइतका तुरटपणा नाही आणि त्याचा आकडा फारसा हलला नाही, हेही इथे ध्यानात घेण्यासारखे आहे. आकडा उतरण्यामागे पद्धतीचा वाटा किती आणि फळांतल्या फरकाचा किती, हे केवळ दोन कोष्टके शेजारी ठेवून ठरत नाही. पण 'आवळ्यात अमुक इतके क जीवनसत्त्व असते' असे लिहिणाऱ्याने 'कसे मोजले' हा प्रश्न स्वतःला विचारलाच पाहिजे.

(एक किरकोळ पण नेहमीची चूक. इंग्रजीत आवळ्याला 'इंडियन गूजबेरी' म्हणतात. त्यामुळे काही विद्यार्थी युरोपातल्या गूजबेरीची माहिती आवळ्याच्या नावावर उतरवून आणतात. ते झुडूप वेगळ्याच कुळातले आहे. रायआवळा आवळ्याचा नातेवाईक आहे, पण त्याची जात वेगळी.)

आकडा २५० झाला म्हणून आवळा लहान होत नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढ पुरुषासाठी क जीवनसत्त्वाची रोजची शिफारस ८० मिलिग्रॅम केली आणि स्त्रीसाठी ६५. आधी ती ४० होती. ताज्या आवळ्याचे एक फळ ही गरज भागवते. एवढे सांगितले तरी आवळ्याची थोरवी पुरेशी आहे. वीस संत्र्यांची जोड तिला लागत नाही.

उकळले तरी टिकते?

क जीवनसत्त्व म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग झाला की त्याचे डीहायड्रोॲस्कॉर्बिक आम्ल होते. इथपर्यंत नुकसान नाही, कारण शरीर त्याचे पुन्हा क जीवनसत्त्व करू शकते. पण तेही अस्थिर असते. त्याचा रेणू एकदा पुढे मोडला की परतीची वाट नाही. उष्णता, हवा, सोडा घातल्याने येणारी अल्कता आणि तांब्याचा अंश या चार गोष्टी ही मोडतोड वेगाने करतात. आंबटपणा ती मंदावतो.

१९३६ साली मद्रासच्या दामोदरन आणि नायर यांनी 'बायोकेमिकल जर्नल' या नियतकालिकात आवळ्यातल्या एका टॅनिनाविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला. हे टॅनिन क जीवनसत्त्वाचे ऑक्सिडीकरणापासून रक्षण करते, असे त्यांनी दाखवले होते. भारतीय प्रयोगशाळेतले हे सुरेख काम आहे आणि शिक्षकांनी ते वर्गात जरूर सांगावे. पण वाटेत त्याचे काय झाले पाहा. 'रक्षण करते'चे 'नष्ट होऊ देत नाही' झाले, त्याचे 'उकळले तरी नष्ट होत नाही' झाले, आणि शेवटी 'वाळवून वर्षभर ठेवले तरी जसेच्या तसे राहते' झाले. छत्रीने पाऊस अडतो, याचा अर्थ छत्री घेऊन नदीत उतरले तरी कोरडे राहता येते असा नाही. इतर फळांच्या मानाने आवळ्यात क जीवनसत्त्व अधिक टिकते, हे म्हणणे रास्त आहे. किती टिकते ते मात्र उकळण्याचा वेळ, भांडे, ऊन की सावली आणि साठवणीचे महिने यांवर अवलंबून असते. उन्हात वाळवलेल्या आवळासुपारीत आणि ताज्या आवळ्याच्या किसात ते सारखे असणे शक्य नाही.

या संदर्भात जेम्स लिंडची कहाणी अर्धीच सांगितली जाते. १७४७ साली 'सॅलिसबरी' या जहाजावर लिंडने स्कर्व्हीच्या १२ रोग्यांच्या सहा जोड्या केल्या. सर्वांना एकाच जागी ठेवले, सारखेच अन्न दिले आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. संत्री-लिंबे मिळालेली जोडी आठवड्याभरात सुधारली. तुलनेने केलेल्या प्रयोगाचा हा नमुना आपल्या पुस्तकांत असतो. पुस्तकांत नसलेला भाग असा : लांबच्या सफरीत फळे टिकत नाहीत, म्हणून लिंडने रस तासन् तास गरम करून आटवला आणि त्याचा पाक बाटल्यांत भरून न्यावा असे सुचवले. या पाकात क जीवनसत्त्व फारच थोडे उरत असे. फळाची परीक्षा ज्या काटेकोरपणे घेतली, तशी पाकाची त्याने घेतली नाही. ताज्या फळाचा गुण आटवलेल्या पाकात आपोआप उतरतो असे त्याने गृहीत धरले.

आवळ्यावरचे आपले लेखक नेमके हेच करतात. ताज्या फळाचा आकडा ते मोरावळ्याला, आवळासुपारीला, च्यवनप्राशाला आणि केसांच्या तेलालासुद्धा लावतात. चरकसंहितेतल्या च्यवनप्राशात ५०० आवळे इतर वनस्पतींबरोबर पाण्यात शिजवायचे, त्यांचा गर तेलातुपात परतायचा आणि मग साखर घालून अवलेह करायचा, अशी कृती आहे. त्या कृतीचा हेतू काहीही असो, क जीवनसत्त्व जपणे हा खचित नव्हता. उलट दुसऱ्या एका प्रक्रियेबाबत वेगळे आढळले आहे. आवळ्याच्या चूर्णाला आवळ्याच्याच रसाच्या पुनःपुन्हा भावना द्यायच्या, म्हणजे रसात भिजवून वाळवायचे, ही आयुर्वेदातली जुनी रीत आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या स्कार्टेझिनी आणि सहकाऱ्यांच्या तपासणीत फळाच्या नमुन्यात क जीवनसत्त्व सुमारे ०.४ टक्के, तर अशा भावना दिलेल्या चूर्णात १.२८ टक्के आढळले. म्हणजे 'आयुर्वेदिक आवळा' असा एकच पदार्थ नाही. कृतीगणिक तो बदलतो.

रसायन आणि रसायनशास्त्र

आता तिसरे विधान. पूर्वजांना क जीवनसत्त्वाचे गुण ठाऊक होते, म्हणून त्यांनी आवळ्याला रसायन म्हटले, असा त्याचा भाव असतो. वाक्य अभिमानाने लिहिलेले असते, आणि म्हणूनच त्याची तपासणी कोणी करीत नाही.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा पहिला अध्याय रसायनाचा आहे. त्यात हिरडा आणि आवळा यांचे वर्णन शेजारी शेजारी येते. दोघांतही खारट सोडून पाच रस सांगितले आहेत. आवळ्याची कर्मे हिरड्यासारखीच, फक्त वीर्य उलट : हिरडा उष्ण, आवळा शीत. सूत्रस्थानात जिथे प्रत्येक कामासाठी श्रेष्ठ द्रव्य सांगितले आहे, तिथे वय टिकवणाऱ्या द्रव्यांत आवळ्याला अग्रस्थान आहे. रस, वीर्य, विपाक ही या वर्णनाची भाषा आहे. तीत क जीवनसत्त्व नाही आणि असायचे कारणही नाही. स्कर्व्ही बरा करणारे हे द्रव्य पुढे १९२८ ते १९३२ या काळात संत-ग्यॉर्गी, किंग आदी संशोधकांनी वेगळे करून ओळखले. त्याची भाषा मिलिग्रॅमची आहे.

दोन भाषांतली वाक्ये जुळवायला हरकत नाही, पण जुळवणी तपासून पाहावी लागते. ती तपासण्याची एक सोपी युक्ती याच अध्यायात आहे. आवळ्याची थोरवी क जीवनसत्त्वामुळे असेल, तर हिरड्याची कशामुळे? हिरडा काही क जीवनसत्त्वासाठी प्रसिद्ध नाही. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांतले आदिवासी बाळहिरडा गोळा करतात तो औषधासाठी आणि टॅनिनासाठी. मोठ्या हिरड्यात टॅनिनाचे प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत जाते, म्हणून तो कातडी कमावायला जात असे. तरीही ग्रंथकार त्याची कर्मे आवळ्यासारखीच मानतात. युरोपातल्या जुन्या व्यापाऱ्यांनीही हिरडा, बेहडा आणि आवळा या तिघांना 'मायरोबलन' असे एकच नाव दिले होते. या तिघांत समान काय असेल तर तो तुरटपणा. क जीवनसत्त्व नव्हे.

आधुनिक संशोधकांतही हा वाद झाला आहे. १९९६ साली शिवनाथ घोषाल आणि सहकाऱ्यांनी आवळ्यातल्या गुणाचे श्रेय एम्ब्लिकॅनिन नावाच्या दोन टॅनिनांना दिले. वर उल्लेखिलेल्या २००६ सालच्या तपासणीत मात्र आवळ्याच्या ऑक्सिडीकरणविरोधी क्षमतेपैकी ४५ ते ७० टक्के वाटा क जीवनसत्त्वाचाच निघाला. म्हणजे परीक्षानळीतल्या एका गुणाबद्दलही तज्ज्ञांत एकमत नाही. आपल्या भित्तिपत्रकावर मात्र ते केव्हाच झालेले असते.

आणखी एक गोष्ट. आवळ्यावरच्या लेखांत 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे' असे वाक्य आले की मूळ प्रयोग बहुधा उंदरांवर केलेला असतो. उंदीर आपले क जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात तयार करतो. माणूस, माकडांच्या बऱ्याच जाती, गिनीपिग आणि काही वटवाघळे यांना मात्र ते अन्नातून घ्यावे लागते. उंदराला कधी स्कर्व्ही होत नाही. मग आवळा खाऊन उंदराच्या यकृताला फायदा झाला असेल, तर तो क जीवनसत्त्वाची उणीव भरून निघाल्यामुळे झाला असे म्हणता येत नाही. दुसरे काही शोधायला हवे. एकाच लेखात आधी क जीवनसत्त्वाचे कौतुक आणि पुढच्या परिच्छेदात उंदरावरच्या प्रयोगाची साक्ष, असे आम्ही कितीदा तरी वाचले आहे. दोन परिच्छेद एकमेकांशी भांडत आहेत हे लिहिणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

क जीवनसत्त्व म्हणून आवळ्याने काय केले आहे, याचे चांगले उदाहरण आपल्याकडे आहे, पण ते या लेखांत क्वचितच येते. १९४० च्या सुमारास तेव्हाच्या पंजाब प्रांतातल्या हिस्सार भागात दुष्काळ पडला होता. ताजा भाजीपाला मिळेनासा झाला आणि लोकांना स्कर्व्ही झाला. त्या वेळी आवळा देऊन रोग आटोक्यात आणला गेला. इथे रोग ठाऊक होता, त्याचे कारण ठाऊक होते आणि उपायात ते द्रव्य होते. अशी साखळी जुळली की विधान भक्कम होते. स्कर्व्ही टाळायला दिवसाला १० मिलिग्रॅमसुद्धा पुरतात, असे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये शेफील्ड येथे स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगात दिसले होते. तेव्हा वाळवणीत बरेचसे जीवनसत्त्व गेले, तरी उरलेले कामाला आले असल्यास नवल नाही.

या 'पूर्वजांना ठाऊक होते' प्रकारच्या लेखनाचा आयुर्वेदालाही तोटाच होतो. चरकसंहितेत आवळा कसा असावा हे सांगितले आहे : योग्य ऋतूत, योग्य भूमीत वाढलेला, रसाने पूर्ण भरलेला, न किडलेला. रसायन घेण्याआधी शरीराचे शोधन करावे, रसायन कोणाला द्यावे, कोणत्या पथ्याने, असे सारे नियम आहेत. आपल्या लेखांतून हे नियम गळून पडतात आणि उरते ती फक्त स्तुती. ज्याला आयुर्वेदाचा खरा आदर आहे, त्याने त्याच्या अटीही सांगाव्यात. क जीवनसत्त्वाचा शिक्का मारल्याशिवाय चरकाचे म्हणणे विद्यार्थ्यांपुढे मांडता येत नाही असे वाटणे, हा आदर नव्हे.

सर्दी, साखर आणि कोलेस्टेरॉल

क जीवनसत्त्वाने सर्दी टळते ही समजूत जगभर पसरली ती मुख्यतः लायनस पॉलिंग यांच्या १९७० सालच्या पुस्तकामुळे. पॉलिंग थोर रसायनशास्त्रज्ञ होते, त्यांना दोन नोबेल पारितोषिके मिळाली होती. पण पारितोषिक हा पुरावा नसतो. त्यानंतर झालेल्या अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा हेमिला आणि चॉकर यांनी २०१३ साली घेतला. त्यात असे दिसले की रोज क जीवनसत्त्व घेणाऱ्या सर्वसाधारण लोकांना सर्दी इतरांइतकीच वेळा होते. सर्दीचा मुक्काम मात्र थोडा घटतो, प्रौढांत सुमारे ८ टक्के, मुलांत सुमारे १४ टक्के. मॅरेथॉन धावणारे, बर्फात सराव करणारे सैनिक अशा अतिश्रम करणाऱ्यांत सर्दीचे प्रमाण निम्म्यावर आले. हे सारे प्रयोग क जीवनसत्त्वाचे होते, आवळ्याचे नव्हेत. शिवाय शरीर क जीवनसत्त्व काही मर्यादेपर्यंतच साठवते, जास्तीचे लघवीवाटे जाते. त्यामुळे गरजेपेक्षा दसपट घेतले तर दसपट गुण येईल, हा हिशेबही चुकीचा.

२०२० साली करोनाच्या साथीत आयुष मंत्रालयाने रोज सकाळी १० ग्रॅम च्यवनप्राश घ्यावा आणि मधुमेह्यांनी बिनसाखरेचा घ्यावा, असा सल्ला दिला होता. 'रोज च्यवनप्राश' हा भाग घरोघरी पोचला. मधुमेह्यांविषयीचा भाग किती घरांत पोचला असेल, याची आम्हाला शंका आहे. अवलेह म्हटला की त्यात साखर किंवा गूळ भरपूर असणारच. मोरावळ्याचेही तेच. मधुमेहावर आवळा गुणकारी असे लिहून शेजारी मोरावळ्याची कृती देणारा लेख आम्ही पाहिला आहे.

कोलेस्टेरॉलविषयी माणसांवर झालेला एक अभ्यास मात्र वर्गात चर्चेला घेण्याजोगा आहे. १९८८ साली जेकब आणि सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध केला. ३५ ते ५५ वयाच्या पुरुषांना २८ दिवस कच्चा आवळा दिला. काहींचे कोलेस्टेरॉल आधी सामान्य होते, काहींचे वाढलेले. दोन्ही गटांत ते उतरले. आवळा बंद केल्यावर दोन आठवड्यांनी, ज्यांचे आधी वाढलेले होते त्यांचे पुन्हा जवळजवळ पूर्वपदावर आले. बंद केल्यावर परत चढणे ही विचार करायला लावणारी बाब आहे. ती आवळ्याच्या बाजूने आहे. पण ज्यांना आवळा दिलाच नाही असा तुलनेचा गट असता तर काय दिसले असते, हे विद्यार्थ्यांना विचारावे. लिंडच्या सहा जोड्या त्यांना आठवतील. आणि असे किती दिवस खावे, उतरलेल्या कोलेस्टेरॉलने हृदयविकार खरोखर टळतो का, हे प्रश्न २८ दिवसांच्या अभ्यासातून सुटत नाहीत. 'आवळा हृदयविकार टाळतो' या भित्तिपत्रकावरच्या वाक्यापर्यंत पोचायला अजून बरेच पूल बांधायचे आहेत.

चहाची तिसरी वाटी

शाळांमध्ये आयोडीन वापरून क जीवनसत्त्व मोजण्याचा प्रयोग करतात. तांदळाच्या पातळ पेजेत आयोडीन घातले की गडद निळा रंग येतो. त्यात आधीच लिंबाचा रस मिसळला असेल, तर क जीवनसत्त्व आयोडीन संपवत राहते आणि ते स्वतः संपल्यावरच निळा रंग टिकतो. किती थेंब आयोडीन लागले त्यावरून क जीवनसत्त्वाचा अंदाज येतो. आवळ्याच्या रसाला थेंब फार लागतात. उकळलेल्या रसालाही बरेच लागतात. मग निष्कर्ष लिहिला जातो : आवळ्यात क जीवनसत्त्व सर्वाधिक, आणि ते उकळूनही टिकते. प्रयोग प्रामाणिक आहे, निष्कर्ष घाईचा आहे.

याच प्रयोगात आणखी एक वाटी ठेवावी, असे आम्ही सुचवतो. एका वाटीत ताज्या आवळ्याचा रस, दुसरीत तोच रस दहा मिनिटे उकळून, आटलेले पाणी परत घालून. तिसरीत बिनदुधाचा, बिनसाखरेचा कडक चहा, भरपूर पाणी घालून पातळ केलेला, म्हणजे निळा रंग ओळखता येईल. तयार चहात क जीवनसत्त्व जवळजवळ नसते, पण टॅनिन असते. तिन्ही वाट्यांत पेज सारखी, आयोडीनचे द्रावण एकच आणि ड्रॉपरही एकच. चौथ्या वाटीत साधे पाणी. मापासाठी औषधाच्या दुकानातली क जीवनसत्त्वाची ५०० मिलिग्रॅमची गोळी अर्ध्या लिटर पाण्यात विरघळवावी, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम येईल आणि थेंबांचे मिलिग्रॅम करता येतील. चहाही आयोडीन खातो हे विद्यार्थ्यांनी स्वतः पाहिले की आवळ्याच्या थेंबांकडे ते निराळ्या नजरेने पाहतील.

ज्या वर्गाला पुढे जायचे असेल, त्याने आवळ्याच्या रसाचे दोन भाग करावेत. एकात जिलेटिनचे कोमट द्रावण थोडे थोडे घालावे. खिरी-जेलीसाठी मिळते तेच जिलेटिन चालते. टॅनिन जिलेटिनाला धरून गढूळ साका तयार होतो. कातडे कमावताना हेच घडते. दुसऱ्या भागात तेवढेच नुसते पाणी घालावे. दोन्ही भाग गाळून घ्यावेत आणि मगच थेंब मोजावेत. सगळे टॅनिन काही निघत नाही, गॅलिक आम्लासारखे लहान रेणू मागे राहतात. तरी दोन्हींच्या थेंबांत फरक दिसावा. तो किती पडतो, ताज्या रसात किती आणि उकळलेल्या रसात किती, हे वहीत लिहून ठेवावे आणि जिलेटिनाच्या गाळलेल्या रसाचा आकडा कोष्टकातल्या ६०० च्या जवळ येतो की २५० च्या, ते पाहावे.